हात वर केला की पोथी थांबायची

मी अंधश्रद्धेच्या विरोधात काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते आणि नांदेडच्या बसस्टँडवर उभी राहून वाटते. सभा संपली की कुणीतरी हमखास मोबाईल माझ्या नाकापुढे धरतो. त्यावर फिरता फिरता झिजलेला एक मजकूर असतो: देवाधर्माचं करणाऱ्यांचं डोकं म्हातारपणी शाबूत राहतं, हे आता विज्ञानानंही मानलंय. "बोला ताई आता," असं म्हणून तो माणूस हाताची घडी घालतो. आधी मी वाद घालायचे. हल्ली मी त्याला माझ्या आबांचं सांगते. ते ऐकून त्याचंही समाधान होत नाही आणि सांगून माझंही होत नाही.

आबा म्हणजे वडिलांचे वडील. कंधार तालुक्यातलं आमचं गाव. जमीन बेताची, वडील ती कसतात. आबांनी नव्वदी कधीच ओलांडली होती, पण गावात त्यांना कुणी म्हातारा म्हणून ओळखत नव्हतं. ते पोथीचा अर्थ सांगणारे होते.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात दिवेलागण झाली की मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एकानं ओव्या चालीवर वाचायच्या आणि दुसऱ्यानं त्यांचा अर्थ गावच्या बोलीत सांगायचा. वाचणारा होता एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, आबांपेक्षा बराच लहान, आवाजानं खणखणीत. आबा त्याच्या समोर मांडी घालून बसायचे. डोळे अधू झाल्यापासून अक्षर दिसत नव्हतं, सगळं कानावर. अर्थ सांगावासा वाटला की ते उजव्या हाताचा पंजा वर करायचे आणि कंडक्टर शब्द अर्धा असला तरी तिथंच थांबायचा. "हात दाखवा, पोथी थांबवा," असं पोरं मागून ओरडायची. आबाही त्यात भर घालायचे, "कंडक्टर, डबल बेल द्यायची न्हाई मी सांगस्तोवर."

आणि त्यांचा अर्थ! वनवासातल्या राजाला भूक लागली, एवढंच पोथीत असायचं. आबा म्हणायचे, "राजाची भूक अन् आपली भूक येगळी असती का? आपुन जेवलो की भागती. आता आपल्या सरपंचाला इचारा, त्याला जेवून उठल्यावरबी लागती."

सरपंच तिथंच बसलेला. "आबा, देवळात तरी सोडा की."

"देवळातच सापडतूस बाबा तू. पंचायतीत कुटं सापडतूस?"

देऊळ हसायचं. हे रोज नवं असायचं, आणि त्याला दिवसभराची तयारी लागायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सोयाबीन कुठं पिवळं पडलं, हे आबा सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहायचे, कारण संध्याकाळी त्यातलं काहीतरी राजाच्या नाहीतर राक्षसाच्या तोंडी घालायचं असायचं. समोर कोण बसलंय, काल काय सांगितलं, आज कोण रुसलंय, हे सगळं एका डोक्यात धरून बोलायचं. मी देव मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. कॉलेजला लागल्यापासून मी देवळाच्या पायरीवर बाहेर बसून ऐकायची.

"ये की आत. देव चावत न्हाई," आबा म्हणायचे.

"देवच नाही, तर चावेल कोण?"

"मंग भेतीस कामून?"

पुढे आबा चुकायला लागले. कालचा अध्याय आज सांगायचे. राजा वनातून परत आलेला असायचा आणि आबा त्याला पुन्हा वनात धाडायचे. पण याचा कुणी बाऊ केला नाही. कंडक्टर तीच ओवी जरा जोरात, जणू कुणाला ऐकू आली नव्हती अशी, पुन्हा वाचायचा, आणि आबा बहुतेक वेळा वाटेवर यायचे. एकदा बायकांतून आवाज आला, "आबा, हे काल झालं की हो."

"काल झालं ते तुला कळालं का?"

"न्हाई बा."

"म्हणूनशान परत सांगितलं."

पाठांतर आणि नामस्मरण यांनी त्यांचं डोकं टिकवलं, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. डोकं तेव्हाच गळायला लागलं होतं. कंडक्टर, ती बाई, सरपंच, मागची पोरं, ही सगळी माणसं रोज संध्याकाळी ती गळती हातानं दाबून धरत होती. आणि कुणाच्या मनात आपण काही उपकार करतोय असं नव्हतं. त्यांना पोथी ऐकायची होती, बस्स.

मग देवळाला फरशी बसली, शिखरावर चार तोंडांचे भोंगे आले आणि कमिटी आली. कमिटीचा अध्यक्ष खताबियाण्यांच्या दुकानाचा मालक. पोथी मोबाईलवरून लाईव्ह दाखवायची, पुण्यामुंबईला गेलेली गावची माणसं बघतील, असं ठरलं. भोंग्याच्या विरोधात मी पत्रक काढलं होतं. त्याचा परिणाम शून्य. पण आबांचं काय करायचं, हा कमिटीपुढे प्रश्न होता. तो त्यांनी आपल्याकडच्या पद्धतीनं सोडवला. आबांचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा, "इतकी वर्षं सेवा केली, आता आराम करा," असं भाषण. आपल्याकडे माणसाला बाहेर काढायचं असलं की आधी त्याला शाल पांघरतात. दुसऱ्या दिवशी आबांच्या जागेवर बाहेरून आणलेला, शिकून आलेला एक तरणा महाराज बसला. त्याचा अर्थ शुद्ध होता. त्यात सरपंच नव्हता.

आबांना सत्कार कळला, पण त्याचा अर्थ कळला नाही. संध्याकाळ झाली की ते टोपी घालून ओट्यावर बसायचे. "आज कंडक्टर बलवायला कसा न्हाई आला?" आई म्हणायची, "येतील." कंडक्टर येऊ शकत नव्हता. तो महाराजापुढे वाचत होता आणि त्याला आमच्या दारावरून जायची लाज वाटत होती. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात आबा भर दुपारी एकटेच निघाले, देवळाची वाट सोडून भलतीकडे गेले आणि कंधारच्या रस्त्याला सापडले. पायाला फोड. लातूरहून काका आला आणि त्यांना घेऊन गेला.

काकाचं घर क्लासेसच्या भागात आहे. त्या भागातल्या प्रत्येक घरासारखं तेही वरच्या मजल्यावर पोरींना भाड्यानं दिलेलं. पोरी परीक्षेच्या अभ्यासाला गावोगावहून आलेल्या. त्यामुळे घरात बोलायचं ते दबक्या आवाजात. कुकरची शिटीसुद्धा काकू झाकून घेते. आबा पहाटे उठून मोठ्यानं बोलायचे. जन्मभराची सवय. काकू धावत यायची, "आबा, हळू. लेकरं अभ्यास करायलीत." काकानं चांगल्या डॉक्टरला दाखवलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं आहे, औषधानं फार फरक पडणार नाही, यांना भजनकीर्तनात, चार माणसांत रमवा. यातलं भजनकीर्तन काकाच्या कानात शिरलं आणि चार माणसं बाहेरच राहिली. त्यानं बाजारातून नामजपाची डबी आणली.

ही डबी तुम्ही पाहिली असेल. साबणाच्या डबीएवढी, प्लॅस्टिकची, वर देवाचं चित्र, प्लगला लावली की एकच नाव अखंड म्हणत राहते. तिला ना दम लागतो ना तहान.

मी पावसाळ्याच्या तोंडावर नांदेडहून लातूरला गेले. दुपारची वेळ. आबा मागच्या खोलीत खाटेवर, उशाला डबी चालू. मला बघून त्यांनी पंजा वर केला. मला वाटलं, आशीर्वाद देतायत, म्हणून मी वाकले. हात तसाच. मला वाटलं, पाणी हवंय. पाणी दिलं, ते प्यायले, आणि हात पुन्हा वर. थकला की खाली पडायचा आणि थोड्या वेळानं परत उठायचा. मी बसून बघत राहिले आणि मग मला कळलं. ते डबीला थांबवत होते.

मी प्लग उपटला.

खोली गप्प झाली. आबांचा चेहरा सैल पडला. "हां," ते म्हणाले. "तर राजा म्हणला…" आणि ते वाट बघत राहिले, आपल्याच तोंडातून पुढचं यायची.

"काय म्हणाला राजा?"

"लई येळ झाला गं माय. ह्यो बोलूच दीना मला."

काकू दारात आली. "बंद कामून केलंस? देवाचं नाव हाय ते. त्यानंच शांत असतेत आबा."

"शांत नाहीत काकू. ते आपली पाळी यायची वाट बघतायत."

संध्याकाळी काकाशी भांडण झालं. दबक्या आवाजातलं भांडण, कारण वर पोरी होत्या. मी म्हणाले, आबांना श्रावणात गावी नेते, पोथीला बसवते, जे काही डोक्यात उरलंय ते असेपर्यंत. काका माझ्याकडे बघतच राहिला.

"तू? तू नेतीस देवळात? पत्रकं वाटायलीस ना देऊळ नको म्हणून?"

"देऊळ नको असं मी कधी लिहिलं नाही. भोंगा नको असं लिहिलंय."

"एकच हाय ते. लोक हसतील तुला."

"हसू दे."

"अन् आंगुळ कोण घालनार? चादर कोण बदलनार? तुझ्या बापाला येळ हाय का? बोलायला जिभेला हाड न्हाई. हितं मी करतो सगळं, माझ्या हातानं."

हे खरं होतं. काका करत होता, कुरकुर न करता. पण काकूनं डबी पुन्हा लावली तेव्हा मी उठून ती पुन्हा बंद केली, आणि काकानं ती बंदच राहू दिली. श्रावण लागायच्या आदल्या आठवड्यात तोच गाडी करून आबांना गावी सोडून गेला. चादरी, औषधं, सगळं व्यवस्थित बांधून. डबीही त्यात होती. आईनं ती कपाटावर ठेवली.

मी अध्यक्षाला दुकानात जाऊन भेटले.

"ताई, आमच्या स्पीकरवर पत्रक काढनाऱ्या तुमीच ना?"

"मीच. आजही तेच म्हणणं आहे."

"मंग आज देवाची आठवण कशी काय झाली?"

"देवाची नाही, आबांची. एक दिवस बसू द्या. एकच अध्याय."

तो हसला. "एक कामून, बसू द्या की. आबा काय परके हायेत का?" इतक्या गोड बोलण्याचा मला लगेच संशय आला. पण मी नाही म्हणणार होते थोडीच.

वडिलांनी आबांना धोतर नेसवलं. देवळात माणसं होती, पूर्वीइतकी नाही, बरेच जण घरीच मोबाईलवर बघतात. कंडक्टर उठून आबांच्या पाया पडला आणि नाक ओढत जागेवर बसला. आबांसमोर माईक ठेवला होता. महाराज बाजूला, त्याच्या हातात दुसरा. मी या वेळी आत बसले, बायकांत.

कंडक्टर वाचू लागला. आबा मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. आणि पंजा वर गेला. कंडक्टर अर्ध्या शब्दावर थांबला. बायकांतून कुणीतरी "आलं, आलं," असं पुटपुटलं.

"राजा," आबा म्हणाले, आणि शिखरावरून त्यांचा आवाज गावभर गेला. "राजा वनात… एकला…" ते अडखळले. पुन्हा "राजा" म्हणाले, आणि या वेळी वरून काहीच आलं नाही. कोपऱ्यात मशिनीपाशी अध्यक्ष बसला होता, त्यानं आबांच्या माईकचं बटण फिरवलं होतं. पाठोपाठ वरून महाराजाचा आवाज सुरू झाला, शुद्ध, सपाट, त्याच ओवीचा अर्थ सांगत. देवळात आबांचा उघडा आवाज खाली आणि भोंग्याचा त्याच्या डोक्यावर.

आबा थांबले. कान देऊन ऐकू लागले.

"माझा आवाज कुटं गेला?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"हाय, आबा. हाय. बोला तुमी."

आबांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. जनावराच्या गळ्यातली घंटा आहे की पडली ते चाचपून बघतात, तसा.

मी अध्यक्षापाशी गेले. "बटण चालू करा."

"ताई, बाहेरगावचे लोक बघायलेत. चुकीचा अर्थ गेला तर धर्माची बदनामी होती."

"आणि हे काय आहे?"

"त्यांना कुटं कळायलंय?"

मी मशिनीची वायर उपटली. वरचा आवाज तुटला. महाराज गप्प, सगळं देऊळ माझ्याकडे वळलेलं, दोन बाप्ये उठून उभे राहिलेले. आता ऐका, असं मला सगळ्यांना म्हणायचं होतं, पण ऐकायला काही उरलं नव्हतं. आबांनी तोंड मिटलं होतं. कंडक्टरनं तीच ओवी पुन्हा वाचली, जोरात, जणू कुणाला ऐकू आली नव्हती. आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चल गं माय," ते मला म्हणाले. "झाली ह्यांची पोथी."

त्यानंतर आबा देवळात गेले नाहीत. संध्याकाळी भोंग्यातून महाराजाचा अर्थ आमच्या अंगणात यायचा आणि आबा ओट्यावर बसून अधूनमधून पंजा वर करायचे. भोंगा काही थांबायचा नाही. गाव मोठी डबी झालं होतं.

श्रावण सरल्यावर कंडक्टर आपली जुनी पोथी घेऊन घरी आला. "मी येतो अधूनमधून. माझाबी दम गेला आता. बाकी तू वाच," म्हणाला. मी! पण मी वाचलं. दर शनिवारी नांदेडहून गावी जायचं आणि संध्याकाळी आबांसमोर पोथी उघडायची. चाल येत नाही, तेव्हा पत्रक वाचावं तसं वाचायची. पहिल्या दिवशी आबा म्हणाले, "भाषण देयलीस का काय?" मला हसू आलं, आणि वडील बऱ्याच दिवसांनी हसले. मी वाचायची, हात वर जायचा, मी थांबायची. कधी दोन शब्द यायचे. कधी राजाच्या जागी कंधारचा बाजार यायचा, बैलाचा सौदा, कुणाचं तरी लग्न. मी "हां" म्हणायची, वडील "हां" म्हणायचे, गोठ्यातून आई "हां" म्हणायची. सभेत मला कुणी विचारलं असतं की हे काय करतेस, तर मी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

मग नुसता हात यायचा, शब्द यायचे नाहीत. तेव्हा मी आठवून सांगायची, पायरीवर बसून ऐकलेलं. राजाची भूक, सरपंचाची भूक. आबा ऐकायचे आणि "बराबर," म्हणायचे. पुढे पुढे हातही पुरता उठेना, चादरीवर बोटं तेवढी वर व्हायची. मी पानापेक्षा त्या बोटांकडे जास्त बघायची.

तुरीची रास घरात आली त्या सुमाराचा एक शनिवार. आबा जागे होते, डोळे उघडे, तोंड माझ्याकडे. मी वनवासाचाच अध्याय काढला, मुद्दाम. प्रत्येक ओवीनंतर थोडी थांबले आणि बोटांकडे पाहिलं. बोटं उठली नाहीत. अर्ध्या अध्यायानंतर थांबणं सोडून दिलं. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. राजा वनातून परत आला, त्याला राज्य मिळालं, अध्याय संपला. मी पोथी मिटली आणि आईला म्हणाले, आबांना दूध दे.